देश टाक, आई

आमच्या घरात स्वयंपाकघराला आफ्रिका म्हणतात. कुणाला सांगितलं तर माणूस आधी हसतो, मग माझ्या चेहऱ्याकडे जरा निरखून बघतो. बघू दे. आफ्रिका एवढ्यासाठी की तिथं उकडतं. बाहेरची खोली, जिथं माझं शिलाई मशीन आहे, ती युरोप. आतली खोली आशिया, गॅलरी अमेरिका, न्हाणीघर ऑस्ट्रेलिया. फ्रिज म्हणजे अंटार्क्टिका, कारण तिथं माणसं राहत नाहीत, फक्त उरलेलं जेवण राहतं. हा विनोद माझा नाही, माझ्या मुलाचा आहे.

मुलगा वेल्डर होता. आवाज असा दणदणीत की त्याला लहानपणापासून सगळे भोंगा म्हणायचे, मीसुद्धा. जर्मनीत वेल्डरला काम आहे असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं आणि त्याने भाषेचा क्लास लावला. पहिली परीक्षा पास झाल्याशिवाय एजन्सीवाले पुढचं बोलतच नाहीत. सुरुवातीचे धडे बरे गेले. मग देश, खंड आणि तिथल्या माणसांना काय म्हणायचं, असा धडा आला आणि भोंग्याच्या नाकी नऊ आले. स्पेन म्हणजे श्पानिएन, तिथला बाप्या श्पानिअर, बाई असेल तर श्पानिअरिन. फ्रान्स म्हणजे फ्रांकराइश, पण माणूस मात्र फ्रांत्सोझे. "एकाच देशाला इतकी नावं! आपल्याकडे रेशनकार्डावरसुद्धा इतकी नसतात," असं म्हणून तो पुस्तक आपटायचा.

पाठ होईना तेव्हा त्याने घराचंच जग करून टाकलं. खोल्यांना खंड दिले आणि वस्तूंना देशांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेचा डबा केनिया, चहाचा मारोक्को, तांदळाचं पिंप एग्युप्टेन, म्हणजे इजिप्त. न्हाणीघरातली बादली नॉयझेलांट. माझी मोठी कात्री श्वाइत्स, म्हणजे स्वित्झर्लंड, कारण धारेच्या वस्तूंत त्यांचा हात कुणी धरत नाही म्हणे. त्याचं ऐकून ऐकून आम्हीही तसंच बोलायला लागलो. सकाळी तो ओरडायचा, "आई, मारोक्को संपलाय!" आणि मी संध्याकाळी पाव किलो मारोक्को घेऊन यायची.

त्याची दुपारची पाळी नसेल तेव्हा आमचा खेळ चालायचा. मी युरोपात मशीनवर, तो आशियात येरझाऱ्या घालत. मी परीक्षक. मला जर्मनचा ओ की ठो कळत नव्हता, पण एक प्रश्न त्याने माझ्याकडून घोकून घेतला होता. "वोहेर कोमेन झी?" म्हणजे आपण कुठून आलात. यातलं 'झी' म्हणजे अहो-जाहो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सुई टाकून भांडायला उठले होते. नऊ महिने पोटात वागवलेल्या पोराला मी अहो म्हणू? तो म्हणाला, "आई, परीक्षेत कुणी पोटात वागवलेलं नसतं." मग विचारायला लागले.

मी विचारलं की तो आतून सुरू करायचा, "इश कोमे आउस..." म्हणजे 'मी आलो अमुक देशातून'. आणि तिथं थांबायचा. अमुक देश मी टाकायचा, आपल्या भाषेत. मी म्हणायची, "जपान!" तो म्हणायचा, "यापान! इश बिन यापानर!" मी जपानी आहे. मी ग्रीस टाकला की तो ग्रीशेनलांट करून परत पाठवायचा आणि स्वतः ग्रीक व्हायचा. एका बैठकीत एक देश एकदाच. चुकून पुन्हा टाकला तर भिंतीपलीकडून आरोळी यायची, "झालं ते!" दुसरा नियम असा की आपला देश टाकायचा नाही. त्याची चिठ्ठीही घरात कुठं नव्हती. "तिथून तर आलोच आहोत, ते काय पाठ करायचंय," म्हणायचा. मी त्याला ब्राझीलचा केला त्या दिवशी तो जेवायला बसताना म्हणाला, "ब्राझीलच्या माणसाला हा भात चालायचा नाही." मी ताट उचलायला लागले तसा लगेच घरचा झाला.

सूनबाई या खेळात नसायची. ती हॉस्पिटलात नर्स. तेव्हा तिच्या सारख्या रात्रपाळ्या असत आणि दुपारी ती तोंडावर उशी घेऊन गॅलरीत, म्हणजे अमेरिकेत, झोपलेली असायची. एवढ्या भोंग्यात तिला झोप कशी लागते याचं मला फार नवल वाटायचं.

परीक्षेच्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. दारात बूट बांधताना वाकून त्याचं पुटपुटणं चाललं होतं, "इश कोमे आउस, इश कोमे आउस..." मी मशीनवरून विचारलं, "टाकू का एखादा?" तो म्हणाला, "आता नको, आल्यावर." आणि मोटरसायकलवरून गेला. परीक्षेच्या इमारतीच्या अलीकडच्या चौकात एक ट्रक वळत होता. याच्यापुढे मला काही सांगायचं नाही.

चिठ्ठ्या कुणी काढल्या नाहीत. सुनेनेही नाही, मीही नाही. फक्त मारोक्को संपला तर आम्ही चहा संपला म्हणायला लागलो.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ड्यूटीवरून येऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. हातात भोंग्याचं पुस्तक. "आई, तिकडं नर्सेसही घेतात. मी शिकू का?" मी मान वर केली नाही, काज करत होते. माझा नवरा गेला तेव्हा मी तिच्याच वयाची होते. तेव्हापासून याच मशीनवर, याच खुर्चीत, दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावतेय. ही पोरगी इथं राहिली तर समोरच्या भिंतीला दुसरं मशीन लागेल, एवढं मला स्वच्छ दिसलं. मी म्हणाले, "शीक. आणि पास हो. नाही झालीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." ती हसली आणि मग रडली, आणि मी तिला आफ्रिकेत पाठवलं चहा टाकायला.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधी सांगून ठेवते. माझं काम मापाचं आहे. छाती मोजते, खांदा मोजते, जे टेपला लागत नाही ते मला लागत नाही. दुपार होती, लख्ख ऊन. सून ड्यूटीवर. मी नर्सेसचे एप्रन शिवत होते. शिवण संपली, दोरा तोडायला मशीन थांबवलं, आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

"इश कोमे आउस..."

मोठा नाही, रोजचा भोंगा नाही. भिंतीपलीकडे कुणी तोंड पलीकडे करून बोलावं तसा. बाहेर भंगारवाला ओरडत होता, खालच्या मजल्यावर कुणी कपडे आपटत होतं, सगळं जिथल्या तिथं होतं. मी बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा तेच, आणि पुन्हा तिथंच थांबणं. ते थांबणं मी ओळखलं. आवाजात फसगत होईल, थांबण्यात नाही. पोर वाट बघत होतं.

मी म्हणाले, "जपान."

मग हळू, पण स्पष्ट, "यापान."

मी एप्रन तोंडाला लावून रडले. भीतीने नव्हे. आनंदाने म्हणायला जीभ धजत नाही, पण होता तो आनंदच.

मग रोज दुपारी खेळ. तो तीन-चार देश घ्यायचा आणि गप्प व्हायचा. खेळ चालू असताना मी आशियात पाऊल टाकत नसे. जाऊन काय बघायचं? काही नसलं तर? माझी काजं तिरकी यायला लागली, हॉस्पिटलातून एप्रन परत आले, मेट्रनबाई म्हणाल्या, चष्मा बदला. मी ताकास तूर लागू दिली नाही. सुनेलाही नाही. तिच्याकडे पुस्तक होतं, क्लास होता, पुढचं आयुष्य होतं. माझ्याकडे दुपार होती.

एका गोष्टीत मात्र मी फार जपून असायची. आपला देश तोंडातून निसटू नये. त्याचं कारण मला कुणी शिकवावं लागलं नाही, आपोआप समजलं. बाकीचे सगळे देश खोटे, खेळातले. म्हणून तो पुन्हा पुन्हा येऊन मागत होता. खरा देश मिळाला की वाक्य पुरं झालं. मग कशाला येईल?

सून पहिल्यांदा परीक्षेला गेली आणि नापास होऊन आली. लेखी चांगलं गेलं, तोंडी परीक्षेत गडबडले, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, होतं असं. पुन्हा बसली. पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी ती आली तशी सरळ माझ्या मशीनपाशी जमिनीवर बसली, चपलासुद्धा न काढता.

"आई, तुम्ही मला वेडी म्हणाल."

"ते मी एरवीही म्हणते. बोल."

"समोर कागद असतो. नाव, वय, देश, राहणं, काम, असं एकेक लिहिलेलं. बघून आपली माहिती सांगायची. नाव सांगितलं, वय सांगितलं. देश आला, मी तोंड उघडलं, आणि..." ती थांबली. "मागून त्याचा आवाज आला. इश कोमे आउस. आणि मग काहीच नाही. तो थांबला, आई. तो थांबल्यावर मी कशी बोलू? मागच्या वेळीही असंच झालं. ते दोघं परीक्षक माझ्याकडे बघताहेत, पेन हातात, आणि मी तो पुढं काय म्हणतोय म्हणून कान लावून बसलेय."

मी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मला आठवलं. दोन्ही परीक्षांच्या दिवशी दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं. मी दोन-दोनदा विचारलं होतं, वोहेर कोमेन झी, आणि आतून काही उत्तर आलं नव्हतं. मला वाटलं होतं रुसला असेल.

"परीक्षेला जातो तो," मी म्हणाले. "त्याची राहिलीय ना."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हालाही ऐकू येतं?"

"रोज."

"मग सांगितलं का नाही?"

"तू तरी कुठं सांगितलंस पहिल्या वेळी?"

मग तिने मला बारीकसारीक विचारलं, कधी येतो, काय बोलतो, आवाज कसा आहे. मी खेळ सांगितला. ती ऐकत राहिली. एवढे महिने अमेरिकेत तोंडावर उशी घेऊन झोपली, आणि आता एकेक देश विचारून घेत होती. शेवटी म्हणाली, "माझ्याशी कधी खेळला नाही." मला तिची फार कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

एजन्सीने कळवलं की या वेळी शेवटची संधी, नाहीतर जागा दुसरीला देणार. तिचा धीर सुटला. म्हणाली, "जाऊ दे आई, मी जातच नाही. कशाला जाऊ? तो इथं असताना?" ऐकून मला सुनेच्या नशिबाचं सोडाच, माझंच सगळं आयुष्य डोळ्यांपुढं दिसलं. तिरकी काजं, लख्ख दुपार, आणि दोन बायका भिंतीला कान लावून बसलेल्या.

"जायचं," मी म्हणाले. "तू खुशाल परीक्षेला जा. पोराला मी बघते."

हे तोंडातून असं निघालं, जसं शेजारणीला सांगतात, तू बाजारात जा, पोराला मी बघते. ती रडता रडता हसली. पण मी हसत नव्हते. मनात माझा हिशोब पक्का होता. ती पास होऊन जर्मनीला जाईल, तिचं भलं होईल. आणि तो निघायच्या आधीच त्याला खेळात गुंतवलं की तो माझ्याजवळ राहील. दोघांचंही मी बरोबर लावलं होतं.

परीक्षेच्या दिवशी ती निघाली. तिची तोंडी परीक्षा दुपारी, लेखी झाल्यावर. सुटली की फोन करणार होती. दारात बूट बांधताना तिने वर बघितलं नाही, आणि मीही बघितलं नाही.

ऊन खिडकीतून मशीनवर आलं तसं मी खेळाला लागले. "वोहेर कोमेन झी?"

"इश कोमे आउस..." लगेच. आणि आवाज आशियातला असला तरी दाराकडे सरकलेला. घाईत असलेल्या माणसाचा.

"नॉर्वे!" माझी नजर खिडकीवरच्या चिठ्ठीवर होती.

"नॉर्वेगेन. इश बिन नॉर्वेगर. इश कोमे आउस..."

रोज तीन-चारावर थांबणारा आज थांबायला तयार नव्हता. मी कात्रीकडे बघून स्वित्झर्लंड टाकला, पडद्यावरून पोलंड, दोऱ्याच्या पेटीवरून हंगेरी. त्याने श्वाइत्स केलं, पोलेन केलं, उंगार्न केलं. एक देश तोंडात टाकावा तोवर पुढच्याला हात पसरलेला. लहानपणी त्याला भरवताना असंच व्हायचं. मध्ये जरा उशीर झाला की आवाज दाराकडे सरकायचा, मी देश टाकला की परत आत. युरोप संपला. मी उठले, मशीन तसंच, एप्रन सुईत अडकलेला, आणि स्वयंपाकघरात गेले.

"केनिया! मोरोक्को! इजिप्त!" मी डब्यावर डबा बघत होते. जुन्या चिठ्ठ्या, तेलाच्या बोटांनी मळलेल्या, काहींवरची अक्षरं उडालेली. मिरीचा डबा कुठला होता ते वाचता येईना. मी झाकण उघडून वास घेतला, जसा काही वासाने देश कळणार होता, आणि कळला. घाना. त्याने घाना घेतला. मग आफ्रिकाही संपली.

अमेरिकेत कपडे वाळत होते. दोरीच्या खुंटीवर मेक्सिको, कुंडीवर चिली, झाडूवर कॅनडा. सुनेच्या उशीवर त्याने ब्राझील लावलं होतं, ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. मी ब्राझील टाकलं आणि तो क्षणभर थांबला, मग "ब्राझीलिएन" असं म्हणाला की मला वाटलं आता भाताचं काही म्हणेल. नाही म्हणाला. "इश कोमे आउस..." पुन्हा दाराकडे. न्हाणीघर मी पळतच केलं, बादली, तांब्या, आरसा. एवढंसं तर ऑस्ट्रेलिया.

उरला आशिया. त्या खोलीत तो असताना मी कधी गेले नव्हते. मी उंबऱ्यावर उभी राहिले, पदर तोंडात धरला, आणि आत पाऊल टाकलं. कॉटकडे मी बघितलं नाही. कपाटावर जपान, पंख्याच्या बटणावर चीन, त्याच्या कामाच्या कपड्यांच्या खुंटीवर तुर्कस्तान, भिंतीतल्या कोनाड्यात मंगोलिया. एकेक वाचत, एकेक टाकत गेले. उत्तर माझ्या खांद्यापाशी येत होतं, तो उभा असताना जिथून आलं असतं तिथूनच. मान वळवली असती तर काय दिसलं असतं मला माहीत नाही. मी माप घेणारी बाई, पण ती उंची मला पाठ होती, ती मोजायला वळावं लागत नव्हतं.

मग चिठ्ठ्या संपल्या.

फोन मशीनवर होता. वाजला नव्हता. तिची पाळी अजून आली नसेल, किंवा आत्ता, याच मिनिटाला, ती त्या कागदापुढं बसत असेल.

"जपान," मी म्हणाले.

"झालं ते."

आरोळी नव्हती. समजूत घालावी तसं बोलला. मी ग्रीस म्हणाले, तो झाला होता. स्पेन झाला होता. जग तेवढंच होतं. आणि आवाज माझ्या खांद्यापासून निघाला, युरोपातून गेला, आणि दारापाशी जाऊन खाली वाकला. बूट बांधताना माणूस बोलतो तसा दबला. "इश कोमे आउस, इश कोमे आउस..."

मी मशीनपर्यंत आले आणि कड धरून उभी राहिले. तो आता निघणार. जाऊन तिच्या मागं उभा राहणार, आणि ती पोरगी तोंड उघडून थांबणार. मग परत येईल इथंच, माझ्याकडे. दोघंही येतील. मला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायला काहीच लागत नाही. मी गप्प राहिले असते तर मला सगळं मिळालं असतं. मुलगाही, सूनही, मरेपर्यंतच्या दुपारीही.

"इश कोमे आउस..."

"टाकू का एखादा?" मी विचारलं.

तो थांबला.

मी आपला देश टाकला.

मला वाटलं होतं तो म्हणेल, हा चालत नाही. म्हणाला नाही. आणि मग तो बोलला, इतक्या महिन्यांतलं ते दबकं नव्हे, खरा भोंगा, खिडकीच्या काचा हादरतील असा. सबंध वाक्य. मी आलो आपल्या देशातून. मग, मी आपल्या देशाचा माणूस आहे. एक अक्षर न अडखळता, क्लासमध्ये शिकवतात तसं. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कपडे आपटणं थांबलं. मग तो म्हणाला, "डांके." परीक्षा झाली की उठताना परीक्षकांना म्हणतात ते, धन्यवाद. हे मला त्यानेच सांगितलं होतं.

दार वाजलं नाही. काहीच वाजलं नाही. घर असं रिकामं झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला टोचायला लागला. मी आशियात जाऊन कॉटकडे बघितलं. चादर होती, मीच सकाळी घातलेली, एकही सुरकुती नाही.

फोन वाजला तेव्हा ऊन मशीनवरून उतरलं होतं.

"आई! झालं! सगळं बोलले, आई. देशही बोलले. दोघं परीक्षक हसले माझ्याकडे बघून. काहीच ऐकू आलं नाही, अगदी काहीच." ती धापा टाकत होती, मागं रस्त्याचा गोंगाट. मग ती हळू झाली. "मी जरा थांबलेही, आई. मुद्दाम. म्हटलं येतोय का बघू. नाही आला." आणखी हळू विचारलं, "घरीच होता ना?"

"घरीच होता."

"आता काय करतोय?"

मी उघड्या दारातून आतल्या खोलीकडे बघत होते.

"झोपलाय," मी म्हणाले. "येताना आवाज करू नकोस."

ती पास झाली. पुढच्या परीक्षाही झाल्या, कागद झाले. तिच्यासाठी मी जाड अस्तराचा कोट शिवला, काजं सरळ आली. तो कुठं आहे असं तिने मला पुन्हा विचारलं नाही. मी सांगितलं नाही, पण मला वाटतं तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कारण घरात आल्यावर ती पावलांचा आवाज न करता आतल्या खोलीपर्यंत गेली, दारातून बघितलं, आणि मग पाय फरफटत आफ्रिकेत जाऊन चहा टाकायला लागली. जर्मनीला जाताना ब्राझीलची चिठ्ठी तिने उशीवरून सोडवून पर्समध्ये ठेवली. विमानतळावर मला मिठी मारून म्हणाली, "आई, दर रविवारी फोन." करते. तिथं सगळे तिला पहिल्यांदा तेच विचारतात म्हणे, कुठून आलात. ती घडाघडा सांगते.

बाकी चिठ्ठ्या आहेत तशाच आहेत. मारोक्को संपला की मी मारोक्को आणते, आता कुणापुढं लाज धरायची?

परवा दुपारी एप्रन शिवत होते. शिवण संपली, दोरा तोडायला मशीन थांबवलं. ऊन होतं, भंगारवाला ओरडत गेला. मी आतल्या खोलीकडे तोंड केलं.

"इश कोमे आउस..." मी म्हणाले, आणि थांबले. कुणीतरी देश टाकेल म्हणून.